पाकिटावरची तीन तिकिटं

पोस्टात मी ३४ वर्षं नोकरी केली. साधा काउंटर, रजिस्ट्री, सॉर्टिंग असं सगळं करून शेवटची ११ वर्षं फिलाटेलीच्या खिडकीत, म्हणजे जिथं तिकिटं जमवणारी मंडळी येतात तिथं. एवढ्या वर्षांत डोळ्यांना एक वळण लागतं. पाकीट हातात आलं की नजर आधी उजव्या कोपऱ्यात जाते, पत्त्यावर नंतर. तिकीट पुरतंय का, वापरलेलं धुऊन परत डकवलंय का, शिक्का नीट बसलाय का. घरी लग्नपत्रिका आली तरी मी आधी कोपरा बघते, मग कुणाचं लग्न ते.

अशा बाईच्या डोळ्यांसमोर एका सिनेमानं पाकीट धरलं. एकदा नाही, चांगलं दोन-तीनदा. आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

सिनेमाचं नाव 'शरेड'. साल १९६३. आपली पोरं सहलीच्या बसमध्ये 'दमशराज' खेळतात ना, हातवारे करून सिनेमाचं नाव ओळखायला लावायचं, त्यातला 'शराज' तो हाच शब्द. त्याला दुसरा अर्थही आहे, सोंग. या सिनेमाला दोन्ही अर्थ चपखल बसतात. मी तो पहिल्यांदा पाहिला १९८४ साली, पुण्यात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. आमचे हे तिथले सभासद. मी जायचे ते मुख्यतः पंखा आणि दोन तास कुणी 'मॅडम, पंचवीस पैशांची चार द्या' म्हणणार नाही म्हणून. सोळा मिलिमीटरची प्रिंट, मध्येच रीळ बदलायला दिवे लागायचे, आणि मागच्या रांगेत कुणीतरी शेंगा सोलत बसलेला.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगते. सिनेमातली घबाडाची जागा मी फोडणार आहे, त्याशिवाय मला लिहिताच येणार नाही. खुनी कोण ते मात्र सांगणार नाही. साठ वर्षं उलटून गेली असली तरी तेवढी रीत पाळावी.

गोष्ट अशी. पहाटेच्या उजेडात आगगाडीतून एका माणसाचं प्रेत रुळांशेजारी फेकलं जातं. अंगात पायजमा. मग एकदम रंगीबेरंगी फिरत्या रेषांची श्रेयनामावली, हेन्री मॅन्सिनीचं थिरकतं संगीत, आणि पुढच्या क्षणी आपण आल्प्समधल्या मेजेव्ह नावाच्या बर्फाच्या गावात. ऊन पडलंय, काळा चष्मा लावून एक बाई निवांत खातेय. ऑड्री हेपबर्न. तेवढ्यात पडद्याच्या कडेनं पिस्तुलाची नळी पुढे सरकते आणि थेट तिच्यावर रोखली जाते. सगळे श्वास धरून. आणि नळीतून उडते पाण्याची पिचकारी. मैत्रिणीचा लहान मुलगा खेळत असतो. त्याचं नाव ज्याँ-लुई. लक्षात ठेवा, पोरगं पुढे कामाला येणार आहे.

हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत. दिग्दर्शकानं इथंच आपला हिशेब उघड मांडलाय: प्रेत खरं, पिस्तूल खोटं. इथून पुढे प्रत्येक वेळी तुम्हीच ठरवा, घाबरायचं की हसायचं. आपण ठरवेपर्यंत तो पुढे गेलेला असतो.

ती बाई, रेजिना लॅम्पर्ट, पॅरिसला परत येते ते नवऱ्याशी काडीमोड घ्यायचं ठरवून. बघते तर घर रिकामं. पडदे नाहीत, गालिचे नाहीत, कपाटात तिचा एक कपडा नाही. रिकाम्या खोल्यांमधून तिच्या टाचा वाजतात. मग पोलीस इन्स्पेक्टर सांगतो की तुमच्या यजमानांनी सगळा संसार लिलावात फुंकला, अडीच लाख डॉलर उभे केले, गाडीत बसले आणि त्यांचा खून झाला. पैसे गायब. राहिली ती एक छोटी बॅग.

आता इथं जरा थांबते, कारण माझी सगळी फजिती या बॅगेत आहे. इन्स्पेक्टर एकेक वस्तू टेबलावर मांडतो. कंगवा, दातांचा ब्रश, दातांची पावडर, पेन, किल्ली, डायरी, व्हेनेझुएलाला जाणाऱ्या बोटीचं तिकीट. चार पासपोर्ट, चारही वेगवेगळ्या नावांचे. आणि बायकोच्या नावचं एक पत्र. पाकिटाला तिकिटं लावलेली, पण पाकीट चिकटवलेलं नाही. पत्रात काय, तर सुट्टी मजेत चालली असेल, लवकर भेटू, आणि ताजा कलम म्हणून, दातांच्या डॉक्टरांचा फोन आला होता, तुझी वेळ बदललीय. बस. नवऱ्याचं शेवटचं पत्र आणि त्यात दातांचा डॉक्टर. आमच्या हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले. हसताना माणूस पाकिटाच्या कोपऱ्याकडे बघत नाही, एवढं साधं गणित आहे ते.

पुढचा जवळजवळ दीड तास सगळं पॅरिस त्या अडीच लाखांच्या मागे. तीन गुंड, एक गोड बोलणारा अनोळखी, अमेरिकन वकिलातीतला एक साहेब, फ्रेंच पोलीस. बॅग पुन्हा पुन्हा उलटीपालटी होते. दातांची पावडर चाखूनसुद्धा बघतात. पत्र वाचतात, पुन्हा वाचतात. आणि पैसे असतात पाकिटावर. तीन जुनी तिकिटं, तिन्हींची मिळून किंमत अडीच लाख डॉलर. मेलेल्या नवऱ्यानं सगळ्या संसाराच्या तीन चिठोऱ्या करून पाकिटाला डकवलेल्या.

शेवटाकडे तिकिटांचा बाजार दिसतो. शाँझेलिझेच्या बाजूच्या बागेत झाडांखाली टेबलं मांडलेली, त्यावर अल्बम, चिमटे, भिंगं. हा बाजार खराच आहे, १९व्या शतकापासून भरतोय, आजही गुरुवारी, शनिवारी आणि रविवारी भरतो. मेलेल्याच्या डायरीतली नोंद नेमकी गुरुवारची. दोन माणसं एकमेकांच्या नकळत त्या टेबलांमधून चालताहेत, चालता चालता पावलं मंदावतात, मान एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे वळत जाते, आणि डोक्यात प्रकाश पडतो. सगळा हॉल 'अरे!' म्हणाला. ह्यांनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "तू दिवसभर काउंटरवर करतेस तरी काय?"

चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. भाजीत मीठ कमी पडलं तरी ऐकते.

नंतर रागारागानं मी त्या प्रसंगात खोट काढली, ती इथं नोंदवून ठेवते. एक, पॅरिसमध्ये पत्र टाकायचं तर फ्रान्सचं तिकीट हवं. त्या पाकिटावर एक तिकीट स्वीडनचं, एक हवाईचं, एक मोल्दाव्हियाचं. आमच्या सॉर्टिंगला असं पाकीट आलं असतं तर सरळ नॉटपेड ठरून दुप्पट वसूल झालं असतं. दोन, एवढं मोलाचं तिकीट कुणी डिंक लावून पाकिटाला चिकटवत नाही. जमवणारी माणसं तिकिटाला बोट लावत नाहीत, चिमट्यानं उचलतात, मागचा डिंक शाबूत राहावा म्हणून जीव टाकतात. माझ्या खिडकीत एक निवृत्त मास्तर यायचे, ते शीटच्या कडेला माझा अंगठा गेला की डोळे मिटून घ्यायचे. खऱ्या संग्राहकानं ते पाकीट पाहिलं असतं तर तो खुनाची बातमी ऐकून नव्हे, त्या डिंकाकडे बघून खाली बसला असता.

पण सिनेमाची बाजूही सांगते. तिकिटांची नावं लेखकानं हवेतून काढलेली नाहीत, आणि थोडी वाकडी केलीत तीही जाणूनबुजून. सिनेमातलं स्वीडिश तिकीट चार स्किलिंगचं, पिवळं. खरं जगप्रसिद्ध तिकीट आहे तीन स्किलिंगचं, १८५५ सालचं. ते हिरवट असायला हवं होतं, छापताना कुठंतरी गफलत झाली आणि आठ स्किलिंगच्या पिवळ्या रंगात निघालं. एका शाळकरी मुलाला ते आजीच्या घरच्या जुन्या कागदांत सापडलं, त्यानं ७ क्रोनरला विकलं. १९९६ साली झ्युरिकच्या लिलावात त्याला २८ लाख ७५ हजार स्विस फ्रँक आले. हवाईची मिशनरी तिकिटं १८५१ ची, मोल्दाव्हियाची बैलाच्या डोक्याची १८५८ ची, तीही खरी.

तिसऱ्या तिकिटाचं वर्णन ऐकून मात्र मी दुसऱ्या खेपेला ताठ बसले. रंगीत कागदावर छापलेलं आणि त्यावर हातानं घातलेली आद्याक्षरं, असं सिनेमात म्हणतात. नाव मोल्दाव्हियाचं, पण हे वर्णन आहे ब्रिटिश गियानाच्या एक सेंटच्या किरमिजी तिकिटाचं. १८५६ साली तिथं विलायतेहून तिकिटांचा साठा वेळेवर पोचला नाही. पोस्टमास्तरनं गावातल्या छापखान्यातून घाईघाईनं काम भागवून घेतलं, पण छपाई इतकी साधी की कुणीही नक्कल करील. म्हणून हुकूम निघाला, विकण्याआधी कारकुनानं प्रत्येक तिकिटावर सही ठोकायची. आज जगात असं एकच तिकीट शिल्लक आहे, आणि त्यावर ई. डी. डब्ल्यू. अशी अक्षरं आहेत. ई. डी. वाइट, पोस्टातला कारकून. १८७३ साली तेही एका १२ वर्षांच्या मुलालाच सापडलं, त्यानं ६ शिलिंगांना देऊन टाकलं. २०१४ साली ते सुमारे ९५ लाख डॉलरना गेलं. जन्मभर मी किती पावत्यांवर आद्याक्षरं घातली असतील, देव जाणे. वाइटसाहेबांनाही त्या दिवशी हात दुखतोय एवढंच वाटलं असणार.

असो. तिकिटांत शिरले की मला बाहेर काढावं लागतं.

या सिनेमाला लोक हमखास हिचकॉकचा समजतात. त्याचा नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली डोनेन, म्हणजे जीन केलीबरोबर 'सिंगिंग इन द रेन' करणारा माणूस. मुळात नाचाचा माणूस. हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' त्याला फार आवडला होता आणि तसलं काहीतरी करायची हौस होती. पण नाचाचा माणूस भीतीकडेही ठेक्यानंच बघतो. नाइट क्लबमधला खेळ घ्या. दोन गट, हनुवटीखाली संत्रं धरायचं आणि हात न लावता पुढच्याच्या हनुवटीखाली द्यायचं. कॅरी ग्रँटसारखा टापटीप माणूस एका भल्याथोरल्या बाईच्या गळ्याशी संत्रं सांभाळत झटापट करतोय. निव्वळ धमाल. आणि त्याच धमालीत पुढचा माणूस वळतो, तर संत्र्याच्या पलीकडे गुंडाचा चेहरा. खेळातून बाजूला व्हायचीही सोय नाही. पुढे टेलिफोनच्या बूथमध्ये दुसरा गुंड तिला कोंडतो आणि पेटत्या काड्या एकेक करून तिच्या अंगावर टाकत राहतो. तिथं कुणी हसत नाही. संत्र्याला हसलेलं पोट अजून दुखत असतं, म्हणूनच ती काडी जास्त भाजते.

माझा सगळ्यात लाडका प्रसंग मात्र प्रार्थनेचा. चर्चमध्ये नवऱ्याची शवपेटी उघडी ठेवलेली. रांगाच्या रांगा बाक, आणि माणसं तीन: विधवा, तिची मैत्रीण आणि मागे इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर नखं कापत बसलाय. त्या शांततेत नेलकटरचा आवाज. मागचं दार धाडकन उघडतं, एक बुटका टकल्या आत येतो, पेटीजवळ जातो, वाकतो आणि शिंकतो. शिंकतच राहतो. पुन्हा दार. उंच, सडसडीत माणूस, जेम्स कोबर्न. तो खिशातून आरसा काढतो आणि मेलेल्याच्या तोंडासमोर धरतो, वाफ धरते का बघायला. पुन्हा दार. राक्षसासारखा जॉर्ज केनेडी, एका हाताच्या जागी पोलादी आकडा. तो टाचणी काढतो आणि प्रेताला टोचून बघतो. माणूस खरंच मेलाय याची तिघंही आपापल्या परीनं खात्री करून घेतात. आपण हसतो, आणि हसता हसता कळतं की या बाईला आता कुणी वाली नाही. तीन माणसांची ओळख, त्यांचा स्वभाव, त्यांचा मेलेल्यावरचा अविश्वास, सगळं चार-पाच मिनिटांत. आमच्या खात्यात एवढ्यासाठी तीन फायली लागल्या असत्या.

हे तिघे कोण, ते वकिलातीतला साहेब सांगतो. वॉल्टर मॅथाऊनं हा साहेब असा केलाय की सँडविच आणि वाइन यांच्यामधून त्याला राजकारणाला जेमतेम फुरसत मिळते. १९४४ साली अमेरिकन हेरखात्याच्या पाच माणसांना जर्मनांच्या मुलखात उतरवलं होतं, फ्रेंच क्रांतिकारकांना सोनं पोचवायला. अडीच लाख डॉलरचं सोनं. त्यांनी ते वाटेतच पुरलं आणि शत्रूनं लुटलं असं कळवायचं ठरवलं. एवढ्यात जर्मनांची धाड पडली, एकाचा हात गेला, एक जायबंदी होऊन मागे राहिला. पुढे पाचांपैकी एकानं, म्हणजे रेजिनाच्या नवऱ्यानं, एकट्यानंच जाऊन ते उकरून काढलं. बाकीचे तेव्हापासून त्याच्या मागावर.

मला वाटतं या हलक्याफुलक्या सिनेमाला वजन आहे ते या सोन्यामुळे. पॅरिस झगमगतंय, रेजिनाच्या अंगावर जीव्हाँशीचे कोट आहेत, सीन नदीवर रात्री बोट चाललीय आणि तिच्या दिव्याच्या झोतात काठावरची जोडपी उजळून निघताहेत. लढाई संपून १८ वर्षं झालीत. पण पुरलेलं वर येतंच. तो पोलादी आकडा हास्यास्पद दिसतो, आणि तो एका खऱ्या युद्धाचा शिल्लक हिशेब आहे. डोनेन हे बोलून दाखवत नाही. मॅथाऊला आणखी एक सँडविच देतो.

आता तो गोड बोलणारा अनोळखी, कॅरी ग्रँट. मेजेव्हमध्ये भेटतो तेव्हा त्याचं नाव पीटर जोशुआ. मग कळतं, नाही, अलेक्झांडर डाइल. मग तेही नाही, ॲडम कॅनफील्ड, चोर. मग चौथं नाव. दर वेळी रेजिना विचारते, बायको आहे का? दर वेळी उत्तर तेच, होती, घटस्फोट झाला. नाव बदललं तरी ते उत्तर बदलत नाही आणि तिची खुशीही बदलत नाही. माणूस खुनी असेल या भीतीपेक्षा त्याचं लग्न झालेलं नाही याचं समाधान मोठं. ऑड्री हेपबर्नच्या तोंडीच हे शोभतं. दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, बाई, डोकं ठिकाणावर आहे का?

ग्रँट तेव्हा साठीला टेकलेला, ती त्याच्याहून २५ वर्षांनी लहान. त्याला ते खटकत होतं. म्हणून त्यानं अट घातली, मी तिच्या मागे लागणार नाही, ती माझ्या मागे लागेल. पीटर स्टोन या लेखकानं ती अडचण घेतली आणि तिचंच भांडवल केलं. सबंध सिनेमाभर ती पुढे होते आणि तो वयाची सबब सांगून मागे सरकतो, त्यामुळे त्यांची जोडी मुळीच बोचत नाही. आपल्याकडच्या किती नायकांना ही अट सुचली असती, हे मी लिहीत नाही. आंघोळीचा प्रसंग आहे, त्यातही तीच युक्ती. ती बघत उभी आहे, मग हा अख्खा सूट घालून शॉवरखाली उभा राहतो, साबण लावतो, कपड्यांवरची सूचना वाचून दाखवतो की हे धुऊन तसंच वाळत घालायचं असतं. ते दोघं पहिल्यांदा जेवायला भेटले तेव्हा हेपबर्ननं घाबरून लाल वाइन त्याच्या सुटावर सांडली होती, आणि त्यानं शांतपणे कोट काढून ठेवला, अशी हकीकत आहे. सिनेमात ती त्याच्या कोटावर आइसक्रीम सांडते, ते तिथूनच आलंय म्हणतात.

या पीटर स्टोनची कथा आधी स्टुडिओंनी नाकारली होती. त्यानं तिची कादंबरी केली, ती एका मासिकात आली आणि ज्यांनी नाकारलं तेच दारात उभे राहिले. कागद तोच, पाकीट बदललं.

सिनेमा न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ५ डिसेंबर १९६३ ला लागला. त्याच्या तेरा दिवस आधी अध्यक्ष केनेडींचा खून झाला होता. संवादात राजकीय खुनासाठी वापरतात तो इंग्रजी शब्द सहज थट्टेत आला होता. घाईघाईनं त्या जागी दुसरा, मिळमिळीत शब्द डब करून घातला. पुढे बऱ्याच वर्षांनी मूळ शब्द परत आला. ही झाली सावधगिरी. पण त्याच मंडळींकडून त्याच वेळी एक गोष्ट नजरेतून सुटली होती, आणि तीही पडद्यावर, मोठ्या अक्षरांत, रोज हजारो माणसांसमोर.

श्रेयनामावलीत रोमन आकड्यांत साल आहे. निर्मात्या कंपन्यांची नावं आहेत. सर्व हक्क राखीव असंही आहे. फक्त 'कॉपीराइट' हा शब्द नाही, की वर्तुळातलं ते इंग्रजी अक्षरही नाही. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात तेवढं नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. त्यामुळे पहिल्या खेळाच्या दिवसापासून हा सिनेमा कुणाचाच राहिला नाही, म्हणजे सगळ्यांचा झाला. संगीताचे हक्क वेगळे, ते राहिले. सिनेमा मात्र कुणीही छापावा, कुणीही विकावा.

हे मला कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले. आमच्या धंद्यात नेमकं उलटं. तिकीट छापताना चूक झाली की त्या तिकिटाचं सोनं होतं. आपल्याकडचं १८५४ चं चार आण्यांचं तिकीट आहे, लाल चौकट आणि आत निळं राणीचं डोकं. दोन रंग दोन खेपांना छापायचे. एका वेळी कागद उलटा गेला आणि व्हिक्टोरिया राणी डोक्यावर उभी राहिली. त्या उलट्या राणीसाठी माणसं आयुष्य गहाण टाकतील. आणि सिनेमाच्या पाटीवर एक शब्द कमी पडला, तर त्याची किंमत शून्य.

त्या शून्याचा प्रसाद मलाही मिळाला. फुटपाथवर तीस रुपयांना एक डीव्हीडी घेतली होती. कुणीतरी जुन्या, झिजलेल्या प्रिंटवरून केलेली. बर्फ गुलाबी, पॅरिस चहाच्या रंगाचं, चेहरे शिजवल्यासारखे. ती बघून मला वाटायचं, सिनेमाटोग्राफर चार्ल्स लँगचं नाव एवढं का घेतात? बऱ्याच वर्षांनी क्रायटेरियन कंपनीनं नीट साफ करून काढलेली प्रत भाच्यानं आणली. बर्फ पांढरं होतं! शेवटी पाले-रोयालच्या खांबांमधून पाठलाग होतो, एका खांबाआड एक, दुसऱ्याआड दुसरा, मध्ये तिसऱ्याला ठरवायचंय की या दोघांपैकी खरा कोण. पूर्वी मला तिथं नुसता काळोख दिसायचा. आता दगडावरचा उजेड दिसला, सावल्यांची ओळ दिसली. आणि पाकीट. पाकीट तर इतकं लख्ख दिसलं की मी उठून पाणी प्यायले.

तिकीटविक्रेत्याचा प्रसंग राहिलाच. रेजिनानं पाकिटावरची तिकिटं त्या ज्याँ-लुईला छंदासाठी काढून दिलेली असतात. पोरगं बाजारात जातं आणि ती एका म्हाताऱ्या विक्रेत्याला देऊन मोबदल्यात ढीगभर रंगीत तिकिटं घेऊन येतं. केवढा खूश! सौदा फायद्यातच झाला म्हणायचा, थोडी दिली आणि पिशवीभर मिळाली. रेजिना धावत त्या म्हाताऱ्याला गाठते. तो पळालेला नसतो. भिंग घेऊन बसलेला असतो, वाट बघत. चूक झालीय आणि कुणीतरी येणार हे त्याला ठाऊक असतं. तो तिला एकेक तिकीट दाखवतो, नाव सांगतो, आणि परत देतो. काही क्षण का होईना, ती माझी होती, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. ११३ मिनिटांत प्रत्येक माणूस खोटं बोलतो, हा एक सोडून. अडीच लाखांकडे नुसतं बघून ज्याचं पोट भरतं असाही हा एकच. मी अशी माणसं पाहिलीत. नवीन शीट आलं की माझ्या खिडकीत येऊन म्हणायची, 'घेत नाही मॅडम, फक्त बघू द्या.'

गेल्या दिवाळीत नातू आला होता. वय अकरा. त्याला पाऊस आणि मोबाइलचं चार्जिंग दोन्हींनी एकदम दगा दिला, म्हणून तो माझ्यासोबत 'शरेड' बघायला बसला. हे कोपऱ्यात पेपर घेऊन. प्रेत पडलं, पिचकारी उडाली, रिकाम्या घरात टाचा वाजल्या. इन्स्पेक्टरनं बॅग उघडली. कंगवा, ब्रश, पावडर. पत्र आलं. मी दातांच्या डॉक्टरच्या वाक्याची वाट बघत होते, पोरगं कधी हसतंय म्हणून.

त्यानं रिमोट घेऊन चित्र थांबवलं. या मुलानं आयुष्यात एकही पत्र टाकलेलं नाही, त्याच्या घरी कुरिअरच्या पांढऱ्या पिशव्या येतात. तो पडद्याजवळ गेला, पाकिटावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजी, हे तीन रंगीत चौकोन कसले चिकटवलेत?"

मी म्हटलं, "काही नाही, पुढे बघ."

कोपऱ्यात पेपर खाली आला. "चौतीस वर्षं ना गं?" ह्यांनी विचारलं.